घरी लावलेल्या शोधाची मालकी

उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं कशी द्यायची हे शिकवण्यात माझी नऊ वर्षं गेली. चंद्रपुरात टायरच्या दुकानाच्या वर आमची शिकवणी आहे. खाली पहारीनं टायर उचकटल्याचा आवाज येत असतो आणि वर साठ-सत्तर पोरं मान खाली घालून वाचत असतात. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीच्या मामांनी विचारलं, तुम्ही नेमकं काय शिकवता? मी सांगितलं, उतारा वाचायला. ते म्हणाले, पदवी घेतलेल्या पोरांना वाचता येत नाही का? मी म्हणालो, येतं, तीच तर अडचण आहे. ते लग्न जमलं नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगायला हवं. नोकरीच्या बहुतेक परीक्षांमध्ये दहा-पंधरा ओळींचा मजकूर देतात. त्याखाली पाच प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय. विषय कोणताही असतो: समुद्रातले प्रवाळ, रेशमाचा व्यापार, कुठल्या तरी देशातली निवडणूक. त्या विषयातलं तुम्हाला काही माहीत असावं अशी अपेक्षा नसते. उलट माहीत असलं की घात होतो. जगात काय आहे हे तिथे कोणी विचारत नाही, या पंधरा ओळींत काय लिहिलं आहे एवढंच विचारतात. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. उजव्या हातानं उत्तराचा गोल काळा करण्याआधी डाव्या हाताचं बोट उताऱ्यातल्या एका ओळीवर ठेवायचं. बोट ठेवायला ओळच सापडली नाही, तर ते उत्तर तुमच्या मनातलं आहे असं समजायचं. तुमच्या मनाला गुण नसतात.

हा नियम सांगायला सोपा आहे. पोंभुर्ण्याकडच्या एका गावातून प्रमोद नावाचा पोरगा यायचा. एका उताऱ्यात वाक्य होतं, ‘वाघ सहसा माणसाला टाळतो.’ खाली हेच विधान सत्य की असत्य असं विचारलं होतं आणि प्रमोदनं असत्य लिहिलं. मी म्हटलं, बोट कुठे ठेवलंस? तो म्हणाला, "सर, हा उतारा वाघाले कोणी वाचून दाखवला काय?"

वर्ग पोट धरून हसला. प्रमोद हसला नाही. त्याची मोठी आई, म्हणजे थोरली काकू, मोहफुलं वेचायला जंगलात गेली होती, ती परत आली नव्हती. हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याला म्हणालो, परीक्षेत वाघ माणसाला टाळतो. त्यानं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि गोल बदलला. आज तो वनरक्षक आहे. गावोगाव बैठका घेऊन लोकांना सांगतो की वाघ सहसा माणसाला टाळतो.

असं शिकवणारा मी स्वतः मात्र या नियमात बसणारा माणूस नव्हे. मी माजरीचा. बाबा कोळशाच्या खाणीत होते आणि आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. युनियनची, जयंतीची, जमीन गेलेल्यांच्या समितीची. गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदांवर छापलेली, हाताला शाई लागणारी. बाबांबरोबरच्या काही माणसांना वाचता येत नव्हतं, म्हणून पाचवी-सहावीत असल्यापासून मी त्यांना पत्रकं मोठ्यानं वाचून दाखवायचो. अन्याय, हक्क, जाहीर निषेध हे शब्द मला फळांच्या नावांआधी लिहिता येत होते. पत्रकात दोनच बाजू असतात. ‘निश्चित सांगता येत नाही’ असा पर्याय पत्रकात नसतो.

त्यामुळे मी वर्गात बोट ठेवायला शिकवायचो आणि माझी खुमखुमी दुसरीकडे भागवायचो. परीक्षा झाली की काही दिवसांनी पहिली उत्तरतालिका येते, म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांच्या मते बरोबर असलेल्या उत्तरांची यादी. ती चुकली आहे असं वाटलं तर उमेदवाराला पुरावा देऊन हरकत घेता येते. हरकत मान्य झाली की उत्तर बदलतं, आणि शेवटी दुसरी तालिका येते, ती कायम. बहुतेक शिकवणीवाले या भानगडीत पडत नाहीत. मी पडायचो. दर तालिका आली की मी ती ओळीनं तपासायचो, चूक सापडली की पोरांना गोळा करायचो आणि हरकतीचा मजकूर स्वतः लिहून द्यायचो. त्या मजकुराला पत्रकाची धार असायची. माझ्या चार हरकती मान्य झाल्या होत्या. त्या चारही मी जिन्यात चिकटवून ठेवल्या होत्या. नव्यानं नाव घालायला आलेली पोरं त्या वाचूनच वर यायची.

शमीमनंही त्या वाचल्या होत्या. ती चामोर्शीची. तिथे मुस्लिम कारागिरांची जी थोडी घरं आहेत त्यातलं एक तिचं. वय तिशीला टेकलेलं. ज्या पदासाठी ती तयारी करत होती त्याला वयाची अट कडक होती, आणि येणारी परीक्षा तिची शेवटची होती. याआधी दोनदा ती थोडक्यात राहिली होती, दोन्ही वेळा उताऱ्यांत. गणित, इतिहास, कायदा, सगळं तिला पाठ होतं. म्हणूनच ती चामोर्शी सोडून चंद्रपुरात खोली घेऊन राहिली आणि माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "सर, बाकी सगळं येते मले. फक्त वाचता येत नाई."

ती खरंच शिकली. सहा महिन्यांत तिचं बोट वर्गात सगळ्यांच्या आधी ओळीवर जायला लागलं. एकदाच ती अडली. त्या दिवशी मी सरावाला एक उतारा दिला होता, विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी लावलेल्या शोधांवर. शोधाची मालकी कोणाची? विद्यापीठं म्हणतात, प्रयोगशाळा आमची, यंत्रं आमची, पगार आमचा, म्हणून शोध आमचा. प्राध्यापक म्हणतात, डोकं आमचं. उताऱ्यात शेवटी लिहिलं होतं की नेमणुकीच्या करारावर सही केली असेल तर मालकी विद्यापीठाची. पोरांना तो उतारा रुक्ष वाटला, पण सोपा गेला. शमीमची पाचांपैकी तीन उत्तरं चुकली. तिन्ही ठिकाणी तिनं एकच लिहिलं होतं: प्राध्यापकाची.

मी कारण विचारलं. ती उभी राहून बोलली. तिचे वडील हनीफभाई एका खाजगी तंत्रमहाविद्यालयात कार्यशाळेचे निदेशक होते. पोरांना लेथ आणि वेल्डिंग शिकवायचे. नोकरी कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवी सही. आमच्या भागात बाया मोहाच्या बिया दगडानं फोडतात, आतला गर तेलासाठी काढतात. बोटं ठेचतात, गर चुरडतो. हनीफभाईंनी यावर पायानं चालवायचं यंत्र बनवलं. सायकलचं पेडल, दोन रूळ, रुळांना रबर, म्हणजे कवच फुटतं आणि गर अख्खा राहतो. कॉलेजात शिक्षकांची बैठक होती तेव्हा ते कौतुकानं यंत्र दाखवायला घेऊन गेले. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या प्रदर्शनात ते यंत्र होतं, त्यावर कॉलेजच्या नावाची पितळी पट्टी होती आणि पेटंटच्या अर्जावर प्राचार्य आणि दोन प्राध्यापकांची नावं होती. हनीफभाईंना शाल आणि नारळ मिळाला. त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना करार दाखवला गेला: नोकरीत असताना केलेलं सर्व काही संस्थेचं. अकरा महिने संपल्यावर नवी सही झाली नाही.

"पण सर," शमीम म्हणाली, "अब्बांनं ते कालेजात बनवलंच नाई. घरी बनवलं, आंगनात, इतवारी. लोहा भंगारातून आणला. मंग कालेजचं कसं?"

त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते मला आज नीट दिसतं. तिला बसवून सांगायला हवं होतं की हा उतारा तुझ्या अब्बांचा नाही. तो कोणाचाच नाही, पंधरा ओळी आहेत. बोट ठेव. त्याऐवजी मी खडू ठेवला आणि बोलायला लागलो. चांगला अर्धा तास बोललो. कष्ट कोणाचे, मालकी कोणाची, कागदावर सही घेऊन माणसाचं डोकं कसं विकत घेतलं जातं. ज्याचे हात त्याची वस्तू, असं मी फळ्यावर लिहिलं. शेवटी टाळ्या पडल्या. निघताना मी दारातून म्हणालो, हे सगळं खरं, पण परीक्षेत बोट विसरू नका. ते वाक्य कोणी वहीत लिहिलं असेल असं मला वाटत नाही. फळ्यावरचं मात्र शमीमनं लिहून घेतलं.

परीक्षा झाली. पोरं पेपर घेऊन धावत आली, कारण नेमका तोच विषय आला होता. उतारा वेगळा, पण प्राध्यापकांचे शोध आणि विद्यापीठाची मालकी हेच. मी हवेत होतो. इतक्या वर्षांत माझा विषय असा आपणहून चालून आला नव्हता. शमीमनं जिन्यातूनच सांगितलं, "उतारा आपलाच होता सर." तिला पेपर चांगला गेला होता. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

त्या उताऱ्यात दोन ओळी अशा होत्या: नोकरीच्या वेळेत, संस्थेच्या साधनांनी लावलेला शोध संस्थेचा मानला जातो. मात्र घरी, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या साधनांनी लावलेल्या शोधाबाबत ठिकठिकाणचे नियम वेगवेगळे आहेत आणि हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. खाली विचारलं होतं, उताऱ्यानुसार प्राध्यापकाने घरी, स्वतःच्या साधनांनी लावलेल्या शोधाची मालकी कोणाची? पर्याय एक, विद्यापीठाची. दोन, प्राध्यापकाची. तीन, दोघांची. चार, उताऱ्यावरून निश्चित सांगता येत नाही.

उत्तर चार. यात वाद नाही. ‘सुटलेला नाही’ या शब्दांवर बोट पडतं. पहिली उत्तरतालिका आली आणि तिच्यात उत्तर होतं दोन.

मला राग आला तो खरा राग होता, हे मी आजही म्हणेन. नियम पाळणाऱ्याला शिक्षा आणि अंदाजानं लिहिणाऱ्याला बक्षीस, ही गोष्ट मला सहन होत नाही. मी सगळ्यांना बोलावलं. चार कोणी कोणी लिहिलं, हात वर करा. चौदा हात वर आले. शमीम माझ्या टेबलाशी बसली होती, मी बोलेन ते लिहून घेत होती. तिचं अक्षर मोत्यासारखं आणि टायपिंग सगळ्यांत जलद, म्हणून हरकतीचं काम तिच्याकडे असायचं. तिचा हात कागदावर होता. मी तिला पंधरावी धरलं. वर्गात सगळ्यात चोख बोट ठेवणारी पोरगी, ती दुसरं काय लिहील?

हरकत प्रत्येकाला स्वतःच्या नावानं संगणकावर भरावी लागते. चौदा जणांचे अर्ज शमीमनं भरले; स्वतःचा ती शेवटी भरेलच, असं मी धरून चाललो. उताऱ्याचं छायाचित्र जोडलं, शब्दकोशातून ‘अद्याप’चा अर्थ जोडला, माझा दोन पानी युक्तिवाद टंकून जोडला. पहिला अर्ज पाठवण्याआधी ती थांबली.

"सर, हे मान्य झालं, तर ज्यानं दोन लिहिलं त्याचं काय होईन?"

मी खिडकीत उभा होतो. मागे न वळता म्हणालो, "चुकीच्या उत्तराचे गुण कोणाच्याच बापाचे नसतात."

मग ती म्हणाली, "बरोबर हाय सर." आणि तिनं अर्ज पाठवला. त्यानंतर उरलेले तेरा, एकेक करून. मी सगळ्यांसाठी खालून चहा मागवला. तिनं काम संपेपर्यंत तो प्यायला नाही.

हरकत मान्य झाली. कायमच्या तालिकेत दोनचे चार झाले. पाचवा कागद मी स्वतः जिन्यात चिकटवला आणि खाली लाल शाईत लिहिलं: वाचणाऱ्यांचा विजय. पुढे निकाल लागला. चौदांपैकी एक पोरगा त्या एका प्रश्नाच्या जोरावरच आत आला. शेतमजुराचा मुलगा, घरातला पहिला नोकरदार. पेढे घेऊन आला आणि माझ्या पाया पडायला वाकला, मी पडू दिलं नाही. त्याच यादीत मी शमीमचं नाव वरून खाली आणि खालून वर शोधलं. ती एका प्रश्नानं राहिली होती.

तेव्हाही मला कळलं नाही. मी तिला फोन केला, तिनं उचलला नाही. मग मी पोरांना सांगितलं की कोणाकडे तिच्या उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत असेल तर द्या, कुठे तरी मोजण्यात चूक झाली असणार, आपण लढू. तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण ती प्रत घेऊन आली. मी ओळीनं तपासत गेलो. त्या उताऱ्याखालचे चार प्रश्न बरोबर होते. पाचव्याला दोनचा गोल काळा होता. गोल इतका दाबून भरला होता की कागद मागून उठला होता.

मी चामोर्शीला गेलो. त्या दिवशी आठवडी बाजार होता, बसस्थानकापासून त्यांच्या गल्लीपर्यंत पोहोचायला वेळ लागला. शमीम घरी शिलाई मशीनवर बसली होती. मला पाहून उठली, डोक्यावरची ओढणी सारखी केली, पाणी दिलं. मी बसलो नाही. मी म्हणालो, तू मला सांगायचं होतंस.

"कधी सांगाचं होतं सर? तुम्ही सगळ्यांले हात वर कराले लावले. मी लिहून राह्यली होती. मले कोणी विचारलंच नाई."

"अर्ज पाठवण्याआधी सांगायचं."

"तेव्हा तर तुम्ही सांगतलं ना, कोणाच्या बापाचे नसतात म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "आन् चौदा जणं होते सर. मी एकटीच."

मी काही तरी बोलणार होतो. पुढच्या परीक्षा, दुसरी पदं, वयाची वेगळी अट. पण तिनं आपणच सांगितलं की तिला माहीत होतं. परीक्षागृहात तिचं बोट ‘सुटलेला नाही’वर पडलं होतं. बोट तिथेच होतं, तरी हात दोनकडे गेला. "आंगनातलं सगळं मी पाह्यलं होतं," ती म्हणाली. "निश्चित सांगता येत नाई, असं मी कशी लिहू?" एवढं बोलून ती चहा ठेवायला आत गेली.

तेवढ्यात हनीफभाई बाजारातून आले. बारीक अंगाचा माणूस, हाताला ग्रीस. मी शमीमचा सर आहे म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि मला हट्टानं मागच्या अंगणात नेलं. तिथे कडुनिंबाखाली पहिलं यंत्र होतं, ज्याच्यावर पट्टी नव्हती. त्यांनी मूठभर बिया टाकून पेडल मारलं. कवचं एका बाजूला पडली, गर दुसऱ्या बाजूला, एकही चुरडला नाही. आता शेजारच्या बाया येऊन फोडून नेतात, ते म्हणाले. मग पेडल थांबवून त्यांनी विचारलं, "शमीम सांगून राह्यली होती, परीक्षेत आमच्यासारख्याचाच सवाल आला होता म्हणून. काय लिहून होतं हो त्याच्यात?"

मला तो उतारा तोंडपाठ होता. मी म्हणून दाखवला. कोर्टात निकाल ऐकावा तसं त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे मशीन घरी बनवली तर कोणाची, ते नाई लिहिलं."

"नाही लिहिलं. अजून सुटलं नाही म्हणतात."

"आन् पोरीनं काय लिहिलं?"

"दोनचा गोल भरला. दोन म्हणजे तुमची."

हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "लिहिलं का तसं? सरकारी कागदावर?"

"हो. काळ्या शाईत."

"मंग ते राहीन ना तिथं? मिटवत तर नसन कोणी?"

शमीम चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिची मान अगदी किंचित हलली, सांगू नका म्हणून.

"नाही," मी म्हणालो. "कोणी मिटवत नाही."

हनीफभाईंनी समाधानानं मान डोलावली आणि पुन्हा पेडल मारायला घेतलं. शमीमनं कप माझ्या हातात दिला. चहा गार होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. तिनं कप परत नेला तेव्हा तो भरलेलाच होता.